आईचं लिव्हिंग विल: कागद, कचेऱ्या आणि घरातली भांडणं

आईच्या लिव्हिंग विलवर, म्हणजे आपली शुद्ध गेली तर शेवटी कुठले उपचार करू नयेत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर, नगर परिषदेचा शिक्का या जानेवारीत पडला. सुरुवातीपासून धरलं तर वर्ष गेलं म्हणायचं. मधल्या काळात नात्यातल्या, शाळेतल्या कितीतरी जणांनी विचारलं की हे असतं काय, वकील लागतो का, खर्च किती, आणि दोघीतिघींनी तर बाजूला घेऊन हळूच विचारलं की बाई असं लिहून ठेवणं पाप नाही का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं. मी वकील नाही की डॉक्टर नाही, झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचं बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नाव लिहीत नाही कारण कचेरीतल्या लोकांबद्दल थोडं वाकडं लिहिणार आहे आणि त्यांच्यावर डाफरायचा हेतू नाहीये, त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

झालं असं की जानेवारी २०२५ मध्ये आप्पामामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, वय ८४, मेंदूत रक्तस्राव होऊन पडले. लातूरला नेलं. व्हेंटिलेटर लावलं, मग गळ्याला छिद्र पाडून नळी, नाकातून नळी, हात कॉटला बांधलेले कारण सुरुवातीला झोपेत ओढायचे. उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं ते सगळं तिथंच गेलं, वर सोनं ठेवलं. डॉक्टर रोज म्हणायचे "बघू, आजचा दिवस जाऊ द्या". सुधारणा होणार नाही हे सगळ्यांना कळलेलं, पण आता बास असं म्हणायचं कुणी? थोरला धाकट्याकडं बघायचा, धाकटा डॉक्टरांकडं आणि डॉक्टर मॉनिटरकडं. शेवटी पैसेच संपले तेव्हा थोरल्यानं "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत" या फॉर्मवर सही केली. आपल्याकडं अशा किती सह्या रोज होत असतील देव जाणे. कायद्याच्या भाषेत याला काही म्हणा, निर्णय घेतला तो पैशानं.

अँब्युलन्समध्ये वॉर्डबॉय हातानं पिशवी दाबत होता, अँबू बॅग म्हणतात तिला, ती दाबली की छाती वर येते. लातूरपासून गावापर्यंत तो दाबत आला. घरी बाजेवर टाकलं, तुळशीपत्र झालं, गंगाजल झालं, सगळे पाया पडले, आणि तो पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, अजून दाबतच होता. त्यानं विचारलं, थांबू का? कुणीच बोलेना. थोरला उठून बाहेर गेला. मग मामी, जिला त्या सगळ्या दिवसांत एकाही माणसानं एक शब्द विचारला नव्हता, ती म्हणाली, "थांब रे बाबा, हात भरून आले असतील तुझे."

आई तिथंच भिंतीला टेकून बसली होती. तेराव्याहून परत येताना जीपमध्ये मला म्हणाली, "बाई, आप्पाचं केलं तसं माझं करू नका. आन् शेवटाला असं कुणाला विचारायची पाळी पन आणू नका." आई ७८ वर्षांची, चौथी शिकलेली, पोथी रोज वाचते. बीपी आहे, गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. मी हो हो म्हणून विषय टाळला. आठ दिवसांनी परत फोन, केलंस का काही.

मग मी शोधायला लागले. अरुणा शानबाग यांचं प्रकरण तेवढं पेपरात वाचलेलं आठवत होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या त्या नर्स, १९७३ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यात गेल्या, चाळीस वर्षांवर बिछान्यात. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना मरू द्यायला नकार दिला, कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या नर्सच नको म्हणत होत्या, पण त्याच निकालात उपचार थांबवायला काही अटींवर वाट करून दिली. पुढं ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो. फक्त त्या वेळी अट अशी होती की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही पाहिजे, त्यामुळं फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानं ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार, शक्यतो नात्याबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर होतं.

एक आधीच स्पष्ट करते, कारण गावात यावरूनच सगळा गोंधळ. इंजेक्शन देऊन मारणं हा प्रकार भारतात गुन्हाच आहे, आजही. लिव्हिंग विलमध्ये फक्त एवढंच असतं की आजार बरा होणारा नाही, मला स्वतःला काही सांगायची शुद्ध राहिलेली नाही, आणि उपचारानं मरण नुसतं लांबतंय, अशा वेळी अमुक अमुक करू नका किंवा चालू केलं असेल तर काढा. दुखणं कमी करायची औषधं, स्वच्छता, तोंडाला पाणी लावणं, हे सगळं चालूच राहतं. आणि नुसता कागद दाखवला की नळ्या काढल्या असं पण नाही. आधी दवाखान्याचं मंडळ, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, पहिल्या मंडळात नसलेले. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. आईनं नाव दिलेल्या माणसांची संमती लागते, आणि अंमल करायच्या आधी दवाखान्यानं न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळानं नाही म्हटलं तर हायकोर्टात जाता येतं. तालुक्याच्या दवाखान्यात अशी दोन मंडळं कुठून येणार हा प्रश्न मला पण पडला. खरं सांगायचं तर आमच्या इथं ते अंबाजोगाई, लातूर किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणीच जमेल असं वाटतं, म्हणजे पेशंट आधी तिथं पोचलेला पाहिजे.

मार्चमध्ये नाथषष्ठीला आमच्याकडचे पाहुणे पैठणहून परत जाताना मुक्कामाला थांबले. त्यातले एक कीर्तन करणारे काका. विषय निघालाच. ते म्हणाले यात नवीन काय, नाथांनी जलसमाधी घेतली, विनोबांनी १९८२ ला पवनारला अन्नपाणी सोडलं, आपल्याकडं देह ठेवायची रीत जुनीच आहे. ऐकायला बरं वाटलं, आईला तर फारच. पण मला ते तितकंसं पटलं नाही. ती माणसं शेवटपर्यंत आपल्या शुद्धीत होती, कुणाच्या सहीची त्यांना गरज नव्हती. आप्पामामांना कोण विचारणार होतं? नाथांच्या-विनोबांच्या काळात माणूस बाजेवर चार दिवस काढून जायचा, आता तो महिनाभर मशीनवर राहू शकतो, आणि या मधल्या महिन्यात काय करायचं हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही.

खरी लढाई मे महिन्यात, सुट्ट्यांत सगळे जमल्यावर झाली. दादा पुण्याला असतो. धाकटा भाऊ आणि वहिनी गावात, आई त्यांच्यापाशी. दादा ऐकूनच भडकला. एक तर म्हणाला कागद असला की डॉक्टर हात पण लावणार नाहीत, साधा न्यूमोनिया झाला तरी म्हणतील आजींनी लिहून दिलंय. दुसरं म्हणजे लोक काय म्हणतील, जमीन वाटायची घाई झाली म्हणतील. आणि तिसरं जे म्हणाला ते मात्र माझ्या डोक्यात बसलं. म्हणाला, "आईला कधी स्वतःसाठी काही मागता आलंय का? शिळं खाल्लं, फाटकं नेसली, आता पण तिला वाटायलंय की आपल्यामुळं पोरांना खर्च नको. त्याला तू तिची इच्छा म्हणायलीस."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दादाचं चुकीचं नव्हतंच. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांची इच्छा म्हणजे काय असतं? जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते माझं, अशीच सवय. केईएममधल्या नर्सनी चाळीस वर्षं सांभाळलं, आणि आपण चाळीस दिवसांत हिशोब काढतो, असं पण मनात आलं. त्या रात्री मी आईला गच्चीवर विचारलं, खर्चाला भेऊन म्हणायलीस का. ती म्हणाली, "खर्चाचं काय, माझ्या पाटल्या हाईत की." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली की हात बांधलेले तिला बघवले नाहीत. तिचे हात कुणी बांधलेले नाहीत कधी, नवऱ्यानं पण नाही.

तरी मी घाई केली नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आईला घेऊन आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं गेले. वीस वर्षांपासून तेच बघतात. त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, मला पण, आणि आईशी एकटीशी बोलले. अर्धा तास तरी असेल, बाहेर पेशंट तुंबले. नंतर मला म्हणाले की मी पैशाचं मुद्दाम विचारलं, समजा सगळा खर्च सरकार देणार असेल तर मग लावायचं का मशीन, तर आजी नको म्हणाल्या. पण बरं होण्यासारखं असेल तर काय वाट्टेल ते करा असं पण म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं की तीन आठवड्यांनी परत आणा, परत तेच विचारतो. दुसऱ्यांदा पण तेच उत्तर आलं. ज्यांना करायचंय त्यांनी एवढं जरूर करा, कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही पण माणसाला एकटं विचारा, दोनदा विचारा, घरातलं कुणी समोर नको. डॉक्टरांनी आई पूर्ण शुद्धीत आहे, समजून बोलते असं लेटरहेडवर लिहून दिलं. ते सक्तीचं नाही पण फाईलला लावलेलं बरं. फी घेतली नाही.

मसुदा मी मराठीत केला. ओळखीचे एक वकील म्हणाले इंग्लिशमध्ये करा, वजन पडतं. मी म्हटलं सही आईची आहे, वजन तिला पेलायला पाहिजे. तशी भाषेची सक्ती कुठं नाही. काय काय लिहिलं ते सांगते: नाव, वय, पत्ता, आधार. मी शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देते. याचे परिणाम काय ते मला समजलेत. कुठल्या अवस्थेत हा कागद लागू होईल. त्या अवस्थेत काय नको. मी हे कधीही लेखी रद्द करू शकते. आणि कुणी माझ्या वतीनं संमती द्यायची त्यांची नावं, २०२३ पासून एकापेक्षा जास्त नावं देता येतात. डॉक्टर म्हणाले नुसती मशीनची यादी देऊ नका, आधी अवस्था नीट लिहा, कारण कागद मोघम असला तर मंडळ तो बाजूला ठेवू शकतं, आणि तेच व्हेंटिलेटर न्यूमोनियात चार दिवस लावून माणूस घरी चालत येतो. ते पटलं, तसं लिहिलं. पण आईनं दोन गोष्टी वेगळ्या लिहायला लावल्याच. हात बांधायचे नाहीत. आणि डायलिसिस नको, कसल्याच परिस्थितीत नको, कारण तिच्या एका मैत्रिणीचं डायलिसिसवर फार वाईट झालं होतं.

आता नावांची गंमत, म्हणजे गंमत कसली. आम्ही सगळ्यांनी धरलं होतं की दोन भावांची नावं जातील. आई म्हणाली माझं आणि धाकट्या वहिनीचं लिही. फोनवर दादा काही सेकंद बोललाच नाही. मग म्हणाला, "पोटचा पोरगा असताना सून? मी काय मेलोय का?" आई फोन घेऊन म्हणाली, "तू रडशील आन् काढू देणार न्हाईस. हिनं मला न्हाऊ घालतीय, हिला कळतंय माझं." धाकटा भाऊ तिथंच बसला होता, त्याला पण लागलंच असणार, तो उठून गाईला वैरण टाकायला गेला. आणि वहिनी? तिला कुणी अभिनंदन केल्यासारखं बघत होतं पण ती रात्रभर झोपली नाही. सकाळी मला म्हणाली, "ताई, उद्या मी हो म्हटलं तर जन्मभर सगळे म्हणतील सुनेनं मारलं." मी म्हटलं म्हणूनच दोघी आहोत. पण ते उत्तर काही पुरेसं नव्हतं हे मला पण माहिती होतं. शेवटी तिच्यासाठी मसुद्यात एक वाक्य वाढवलं, की वरील दोघींनी दिलेली संमती ही माझ्याच इच्छेप्रमाणं असेल, त्याबद्दल कुणी त्यांना बोल लावू नये. कायद्याला त्या वाक्याची गरज आहे की नाही ते राहू द्या, वहिनीला होती.

आमच्याकडं कर्ता पुरुष सही करतो. शेतीच्या कर्जापासून ऑपरेशनच्या फॉर्मपर्यंत. मामी तर आयुष्यभर शेजारी बसून राहिली. म्हणून आईनं हे केलं त्याचा मला आनंद झाला हे कबूल, पण दादाचा चेहरा पण डोळ्यासमोरून जात नाही. तो वाईट मुलगा नाहीये.

आषाढी झाल्यावर जुलैत नोटरी. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. पहिल्या नोटरींनी कागद न वाचताच विचारलं सातबारा आणलाय का, त्यांना वाटलं जमिनीचं मृत्युपत्र. वाचल्यावर म्हणाले असलं आपण करत नाही, भानगड नको. दुसऱ्यांनी शांतपणे वाचलं आणि कोर्टाच्या निकालाची प्रिंट मागितली, ती मी नेली होती, नेहमी न्या. स्टॅम्प पेपर लागतो असं निकालात कुठं नाही, पण ते म्हणाले असू द्या, पुढं कुणी बोट ठेवायला नको. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून गेला, आता पाचशेचा. नोटरीचे ७०० घेतले. टायपिंग, झेरॉक्स, रिक्षा धरून दोन हजारांच्या आतच सगळं बसलं. पैसेच वाचवायचे असतील तर राजपत्रित अधिकारी चालतात, ते फुकट, पण आमचे ओळखीचे दोघेही आधी मुख्यालयाला विचारतो म्हणाले आणि तिथंच राहिलं.

साक्षीदार एक रिटायर्ड हेडमास्तर आणि एक शेजारच्या मेडिकलवाले, दोघंही नात्याबाहेरचे. आईला शेडपर्यंत चालवेना तर नोटरी स्वतः रजिस्टर घेऊन रिक्षापाशी आले. पूर्ण कागद मोठ्यानं वाचून दाखवला, आजूबाजूला पाच-सहा पक्षकार पण ऐकायला उभे. मग विचारलं, आजी, कुणाच्या दबावाखाली करायलात का? आई म्हणाली, "दबाव कोन टाकतंय, मीच टाकायले ह्यांच्यावर." लोक हसले. सही केली तिनं, नीट, प्रत्येक पानावर, मांडीवर रजिस्टर घेऊन. सहीला वेळ लागतो तिला, नोटरींनी घाई केली नाही, त्याबद्दल त्यांना मानलं.

मूळ प्रत फाईलला, आणि नोटरीच्या शिक्क्याच्या प्रती फॅमिली डॉक्टरांना, मला, वहिनीला. दादाला पण पाठवली, त्यानं ब्लू टिक दिली, बाकी काही नाही.

यानंतरचा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. एक प्रत स्थानिक संस्थेकडं द्यायची असते, महानगरपालिका, नगर परिषद किंवा ग्रामपंचायत जे असेल ते, आणि तिथं ती सांभाळायला अधिकारी नेमलेला पाहिजे, कस्टोडियन. उद्या दवाखान्याला कागद खरा का खोटा हे तिथून पडताळता यावं म्हणून. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी हे अधिकारी नेमावेत म्हणून हायकोर्टात जनहित याचिका केली होती, आणि २०२४ मध्ये राज्यानं चारशेच्या वर कस्टोडियन नेमल्याचं सांगितलं. म्हणजे कागदावर आमच्याकडं पण कुणीतरी असणारच.

ऑगस्टमध्ये गेले. आवक-जावकवाल्यांनी जन्म-मृत्यू विभागात पाठवलं. तिथल्या क्लार्कनं रजिस्टर उघडून पेन सरसावून विचारलं, आजी कधी गेल्या? मी म्हटलं घरी आहेत, शेंगा फोडायल्यात. तो पण वरमला बिचारा. तिथून आरोग्य विभाग, तिथून आस्थापना, मुख्याधिकारी मीटिंगला. कुणी उद्धट नव्हतं, चहा पण पाजला, पण असा काही आदेश आमच्यापर्यंत आला नाही हेच सगळ्यांचं उत्तर. मी एक अर्ज लिहिला, सोबत विलची प्रत, निकालातला तो परिच्छेद अधोरेखित करून, आणि आवक क्रमांक टाकून माझ्या कॉपीवर शिक्का मागितला. तो मिळायला पण हुज्जत झाली, कारण विषय कुठल्या टेबलाचा ते ठरेना. मग अर्ज स्पीड पोस्टानं पण पाठवून पावती ठेवली. हे करून ठेवाच. पुढं कुणी म्हणालं आमच्याकडं दिलंच नाही तर हातात काहीतरी पाहिजे.

सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांना माहितीच आहे, सोयाबीन पाण्यात, जमिनी खरवडून गेल्या, सगळी यंत्रणा पंचनाम्यात. त्या दिवसांत आईचा कागद कुठं आहे हे विचारायला जायची मलाच लाज वाटली. दिवाळीनंतर गेले तर नोव्हेंबरात नगर परिषद निवडणुकीची आचारसंहिता लागली, २ डिसेंबरला मतदान, त्यात आम्हा शिक्षकांना ड्युट्या. मी मतदान केंद्रावर, तो क्लार्क पण मतदान केंद्रावर. जानेवारीत नवीन आलेल्या एका बाईंनी, आरोग्य विभागात आहेत त्या, फाईल काढून वाचली आणि म्हणाल्या ह्याला वेगळी नोंदवही लागेल ना. कोरी नोंदवही घेतली, पहिल्या पानावर रेघा मारल्या आणि अनुक्रमांक १ ला आईचं नाव घातलं. शिक्का, सही, तारीख. मला वाटलं होतं फार मोकळं वाटेल. प्रत्यक्षात त्या पहिल्या ओळीवर आईचं नाव बघून पोटात कसंतरी झालं.

आणि लगेच, जानेवारीच्या शेवटाला, आई बरळायला लागली. वहिनीला तिचं माहेरचं नाव घेऊन हाका मारायला लागली. दवाखान्यात नेलं, सोडियम खूप उतरलं होतं. वहिनीनं फाईल सोबत घेतलेली. मी तिला म्हटलं आत्ता कशाला, ती म्हणाली नियम म्हणजे नियम. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं उभ्या उभ्या वाचली, म्हणाला मी पहिल्यांदाच बघतोय, झेरॉक्स काढून केसपेपरला लावली आणि म्हणाला, "पण आजींना आत्ता हे लागू नाही, ह्या बऱ्या होणार आहेत." सलाईन, बाकीचे उपचार, सगळं व्यवस्थित झालं. दादा रात्रीच पुण्याहून निघाला होता. आल्या आल्या त्यानं आधी विचारलं, कागद दाखवला का? मग काय म्हणाले? आणि स्वतः जाऊन त्या डॉक्टरशी अर्धा तास बोलून आला. काय बोलला ते सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर आईला शेजारच्या कॉटवरच्या बाईशी बोलायला मिळालं. त्या परळीकडच्या, सहा वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि तरी बांगड्यांचं दुकान चालवतात, नातीचं लग्न केलं. आईनं त्यांचा हात हातात घेऊन नीट बघितला, कुठं टोचतात, किती वेळ बसावं लागतं, सगळं विचारून घेतलं. डिस्चार्जच्या दिवशी मला म्हणाली, "ते डायलिसिसचं खोडून टाक बरं."

खोडून चालत नाही. नवीन कागद करायचा, आधीचा रद्द केल्याचं त्यात लिहायचं, परत साक्षीदार, परत नोटरी, परत सगळ्यांना प्रती, आणि नगर परिषदेत अनुक्रमांक २ बहुतेक आईच्याच नावावर पडणार. शेवटची तारीख ज्या कागदावर तोच धरतात. नोटरींना फोन केला, ते या म्हणाले. हेडमास्तर लेकीकडं नाशिकला गेलेत, पाडव्याला परत येणार आहेत. तोपर्यंत आई म्हणते आणखी काही बदलायचं असलं तर ती बघून ठेवते.